हॅरिएट बीचर स्टो : एका आईची साक्ष

गुलामगिरीविषयीचा धडा आला की संडे स्कूलमध्ये एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना एक ठेंगणी बाई अध्यक्ष लिंकन यांच्या भेटीस गेली आणि एवढे मोठे युद्ध पेटविणारे पुस्तक लिहिणारी ती हीच काय, असे त्यांनी कौतुकाने विचारले, ही ती गोष्ट. आम्हीही ती सांगत आलो आहोत. परंतु या बाईंचे चरित्र जरा निगुतीने पाहू लागल्यावर आम्हांस थांबावे लागले. १८६२ च्या अखेरीस त्या लिंकन यांना भेटल्या हे खरे आहे. मात्र त्या दिवसांतील त्यांच्या घरच्या पत्रांत हे उद्गार कोठेही नाहीत, आणि ते छापून आले ते तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. तेव्हा ती गोष्ट आपण तूर्त बाजूला ठेवू. ती वगळल्याने हॅरिएट बीचर स्टो यांचे चरित्र उणे होत नाही. त्यांच्या पुस्तकाचा उगम पाहावयाचा तर अध्यक्षांच्या वाड्याऐवजी एका लहान बाळाच्या कबरेपाशी जावे लागते.

हॅरिएटचा जन्म १४ जून १८११ रोजी कनेक्टिकट राज्यातील लिचफील्ड या गावी झाला. वडील लायमन बीचर हे काँग्रिगेशनल मंडळीचे नामांकित पाळक. ज्या न्यू इंग्लंड प्रांतातील मंडळ्यांनी पाठविलेले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले आणि पुढे ज्यांच्या कार्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, त्याच मंडळ्यांच्या परंपरेतले हे घर. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, पवित्र शास्त्राचे वाचन आणि जेवणाच्या मेजावर धर्मशास्त्रावर वादविवाद. हॅरिएट पाच वर्षांची असताना आई रोक्साना वारली. मोठी बहीण कॅथरीन हिने धाकट्या भावंडांना सांभाळले, आणि पुढे तिने हार्टफर्ड येथे मुलींसाठी शाळा काढली तेव्हा हॅरिएट तेथे आधी शिकली व मग शिकवू लागली. त्या काळी मुलींना लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या शाळा थोड्याच होत्या. लायमन यांचे मुलगे पाळक झाले. हॅरिएटला व्यासपीठ मोकळे नव्हते. तिला मिळाली ती लेखणी.

१८३२ साली वडील लेन सेमिनरीचे प्रमुख झाले आणि सारे कुटुंब पश्चिमेकडे सिनसिनाटी शहरी गेले. हे शहर ओहायो नदीच्या उत्तर काठावर आहे. नदीच्या या बाजूस गुलामगिरीला बंदी होती, पलीकडच्या केंटकी राज्यात माणसांची खरेदी-विक्री कायदेशीर होती. हॅरिएटने पुढील अठरा वर्षे या नदीकाठी काढली. वर्तमानपत्रांत पळालेल्या गुलामांना पकडून देण्याबद्दल बक्षिसाच्या जाहिराती येत. १८३४ साली सेमिनरीतील विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर अठरा रात्री चर्चा केली. विश्वस्तांनी चर्चेवर बंदी घातली तेव्हा बहुतेक विद्यार्थी सेमिनरी सोडून गेले. १८३६ साली गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या एका पत्राचा छापखाना जमावाने मोडून टाकला. रिप्ली गावी नदीकाठच्या टेकडीवर जॉन रँकिन नावाचे पाळक राहत. त्यांचे घर पळून येणाऱ्यांचा आसरा होते. एक बाई मूल कडेवर घेऊन, फुटू लागलेल्या बर्फावरून नदी ओलांडून त्यांच्या दारी आली होती. ही हकीगत हॅरिएटच्या कानी आली आणि मनात राहिली.

जानेवारी १८३६ मध्ये तिचा विवाह सेमिनरीतील प्राध्यापक केल्व्हिन स्टो यांच्याशी झाला. केल्व्हिन हे हिब्रू व ग्रीक भाषांचे मोठे विद्वान, पण पगार तुटपुंजा आणि प्रकृती तोळामासा. त्यांची पहिली पत्नी हॅरिएटची मैत्रीण होती; ती १८३४ साली वारली होती. चौदा वर्षांत या दांपत्याला सात मुले झाली, त्यांतील पहिल्या दोघी जुळ्या. चूल, पाळणा, आजारपणे आणि उधारी यांतून वेळ काढून हॅरिएटबाई मासिकांसाठी गोष्टी लिहीत, कारण त्या चार पैशांची घराला गरज होती. केल्व्हिन यांचा एक गुण मात्र सांगावयास हवा. बायकोने लिहिलेच पाहिजे असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी तिला स्पष्ट कळविले होते. एकदा त्यांच्या घरी कामास असलेली एक कृष्णवर्णीय मुलगी पळून आलेली गुलाम आहे आणि तिचा मालक शोधात आला आहे असे कळले. तेव्हा केल्व्हिन आणि हॅरिएटबाईंचा भाऊ हेन्री यांनी रातोरात गाडी जोडून तिला शहराबाहेर एका विश्वासू शेतकऱ्याच्या घरी पोहोचविले.

१८४९ च्या उन्हाळ्यात सिनसिनाटीत पटकीची मोठी साथ आली. केल्व्हिन त्या वेळी उपचारासाठी दूर व्हरमाँट राज्यात होते. हॅरिएटबाई एकट्या सहा मुलांना घेऊन घरात होत्या. सर्वांत धाकटा सॅम्युएल चार्ल्स, घरचे त्याला चार्ली म्हणत, अवघा दीड वर्षाचा, आजारी पडला. आईला त्याच्या यातना पाहत बसण्यापलीकडे काही करता आले नाही. जुलै महिन्यात तो प्रभूच्या घरी गेला. पुढे एका पत्रात हॅरिएटबाईंनी कळविले की, मूल ओढून नेले असता गुलाम आईला काय वाटत असेल हे त्या या बाळाच्या मरणखाटेपाशी आणि कबरेपाशी शिकल्या. आणि या दुःखातून इतरांचे काही मोठे भले होऊ दे, नाही तर आपल्याला समाधान मिळणार नाही, अशी त्यांची देवापाशी मागणी होती.

प्रिय वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. मूल गमावलेल्या आया त्या काळी घरोघरी होत्या. दुःख माणसाला पुष्कळदा आत ओढून घेते. आपले तेवढे मोठे आणि दुसऱ्याचे लहान वाटू लागते. या बाईंच्या बाबतीत तसे झाले नाही. आपले बाळ देवाने नेले, पण नदीपलीकडच्या आईचे बाळ माणसांनी पैसे मोजून नेले, हा फरक त्यांनी ओळखला.

१८५० साली केल्व्हिन यांना मेन राज्यातील ब्रन्सविक गावी बोडन कॉलेजात जागा मिळाली. हॅरिएटबाई गरोदर असतानाच मुलांसह तेथे गेल्या आणि जुलैत त्यांचे शेवटचे मूल जन्मले. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने पळालेल्या गुलामांविषयीचा कडक कायदा केला. पळून आलेल्यास आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरली. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची सोय नव्हती. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला गुलाम ठरविले तर अधिकाऱ्यास दहा डॉलर मिळत, मोकळा सोडला तर पाच. कित्येक पाळकांनी या कायद्याचे समर्थन केले. पौलाने अनेसिमाला फिलेमोनाकडे परत पाठविले, हा दाखला ते देत. पळून आलेल्या दासाला मालकाच्या हाती देऊ नये ही अनुवादाच्या २३ व्या अध्यायातील आज्ञा मात्र ते विसरत. भावजय इझाबेला हिने पत्र लिहून कळविले की, माझ्या हाती तुझ्यासारखी लेखणी असती तर मी या पापाविषयी गप्प बसले नसते. ते पत्र हॅरिएटबाईंनी मुलांना वाचून दाखविले आणि जगलेवाचले तर आपण लिहू असा निश्चय केला. पण बाळ अंगावर पिणारे होते. लिहिण्यास काही महिने थांबावे लागले.

१८५१ च्या आरंभी ब्रन्सविकच्या मंदिरात प्रभुभोजनाची उपासना चालू होती. हॅरिएटबाई आपल्या बाकावर बसल्या असता, मार खाऊन मरत असलेल्या आणि मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या एका वृद्ध गुलामाचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. घरी येऊन त्यांनी तो प्रसंग लिहून काढला आणि मुलांना वाचून दाखविला; मुले रडू लागली. त्यांच्या हयातीत १८८९ साली त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केलेल्या चरित्रात हे सांगितले आहे. उतारवयात तर, हे पुस्तक मी लिहिलेच नाही, देवाने लिहिले, असे त्या म्हणू लागल्या. ज्या मेजाशी प्रभूने आपले मोडलेले शरीर शिष्यांपुढे ठेवले त्या मेजाशी त्यांना मोडलेल्या माणसांची आठवण झाली, एवढे मात्र आपण मनात धरू.

वॉशिंग्टनच्या 'नॅशनल इरा' या साप्ताहिकात ५ जून १८५१ पासून 'अंकल टॉम्स केबिन' प्रसिद्ध होऊ लागली. तीन-चार अंकांत गोष्ट संपेल असा बाईंचा अंदाज होता. ती १ एप्रिल १८५२ पर्यंत चालली. स्वयंपाकघराच्या मेजावर, मुलांच्या गोंधळात, दर आठवड्याला मजकूर तयार करावा लागे. २० मार्च १८५२ रोजी बॉस्टनच्या जॉन जुएट यांनी ती दोन भागांत पुस्तकरूपाने काढली. पहिल्या आठवड्यात १०,००० आणि पहिल्या वर्षात अमेरिकेत ३,००,००० प्रती खपल्या. इंग्लंडात दहा लाखांहून अधिक खपल्या, पण परदेशी लेखकाला तेथे कायद्याचे संरक्षण नसल्याने बहुतेक प्रकाशकांनी बाईंना एक पैही दिली नाही. अमेरिकेतून मात्र पहिल्या तीन महिन्यांतच १०,००० डॉलर हाती आले आणि घरची ओढाताण सरली.

दक्षिणेकडे मोठा गहजब झाला. हे सारे खोटे आहे, या बाईने गुलामांचे जीवन पाहिलेच नाही, असा आरोप झाला. उत्तरादाखल तीसेक कादंबऱ्या निघाल्या आणि त्यांत मालक प्रेमळ व गुलाम सुखी दाखविले गेले. तेव्हा हॅरिएटबाईंनी रागाचे उत्तर न देता पुरावे गोळा केले. दक्षिणेकडील राज्यांचे कायदे, न्यायालयांचे निकाल, वर्तमानपत्रांतील विक्रीच्या जाहिराती, सुटून आलेल्यांच्या जबान्या, हे सर्व त्यांनी निवडून लावले आणि १८५३ साली 'अ की टू अंकल टॉम्स केबिन' हे जाड पुस्तक काढले. त्यातील पुष्कळसे पुरावे गुलामगिरीच्या समर्थकांनी स्वतःच छापलेले होते. आई आणि मूल वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकल्याची जाहिरात खुद्द दक्षिणेच्या पत्रात आली असेल तर ती नाकारणार कोण? कादंबरीइतके हे पुस्तक वाचले जात नाही, पण त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष ते अधिक देते असे आम्हांस वाटते.

पुस्तक किती लोकांनी वाचले यापेक्षा ते कोणाला किती महागात पडले हेही पाहावे. मेरीलँड राज्यात सॅम्युएल ग्रीन नावाचे एक कृष्णवर्णीय मेथडिस्ट उपदेशक होते. ते स्वतः गुलामीतून मोकळे झालेले. त्यांचा मुलगा पळून कॅनडात गेला होता. पळणाऱ्यांना मदत केल्याच्या संशयावरून १८५७ साली त्यांच्या घराची झडती घेतली तेव्हा कॅनडाचा नकाशा, मुलाची पत्रे आणि 'अंकल टॉम्स केबिन'ची प्रत सापडली. ते पुस्तक जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यासाठी त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १८६२ साली, राज्य सोडून जाण्याच्या अटीवर, त्यांची सुटका झाली. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना मानसन्मान मिळाला. ते वाचणाऱ्या या प्रभूच्या सेवकाला तुरुंग मिळाला. संडे स्कूलच्या मुलांना हेही नाव ठाऊक असावे.

१८५३ साली हॅरिएटबाई ब्रिटनला गेल्या. तेथील पाच लाखांहून अधिक स्त्रियांनी अमेरिकन भगिनींना गुलामगिरी संपविण्याची विनंती करणाऱ्या पत्रावर सह्या केल्या होत्या. ते सव्वीस जाड खंड त्यांना देण्यात आले. पुरुषांच्या सभेत स्त्रीने बोलणे शिष्टसंमत नव्हते, म्हणून त्यांच्या सन्मानाच्या सभांत त्या बसून राहत आणि उत्तराचे भाषण केल्व्हिन किंवा भाऊ चार्ल्स करीत.

आता एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. ती झाकून ठेवणे चरित्रलेखनाला शोभणार नाही. हॅरिएट जेकब्स नावाची एक स्त्री नॉर्थ कॅरोलिनात गुलाम होती. मालकाच्या छळातून सुटण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर, नीट उभेही राहता येत नाही अशा जागेत, जवळजवळ सात वर्षे लपून राहिली आणि १८४२ साली उत्तरेकडे पळाली. आपली कहाणी लिहिण्यास मदत व्हावी म्हणून एका मैत्रिणीमार्फत तिने हॅरिएटबाईंना विचारले. बाईंनी ती हकीगत खरी की खोटी हे पाहण्यासाठी जेकब्स ज्यांच्याकडे नोकरीस होती त्या मालकिणीकडे पाठविली. त्यात जेकब्सने मालकिणीलाही न सांगितलेल्या गोष्टी होत्या. शिवाय ती हकीगत आपल्याच पुस्तकात घालण्याची इच्छा बाईंनी दाखविली. जेकब्सला याचे फार दुःख झाले. तिने रात्री जागून, नोकरी सांभाळून, स्वतःच पुस्तक लिहिले आणि ते १८६१ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच्या दुःखाविषयी कळवळा असणे चांगले, पण ते दुःख ज्याचे आहे त्याचा त्यावरील हक्क ओळखणे त्याहून अवघड आहे. एवढ्या थोर बाईंनाही ते येथे साधले नाही.

त्यांच्या कादंबरीतही दोष आहेत. कृष्णवर्णीयांच्या स्वभावाविषयी त्या काळच्या गोऱ्या लोकांच्या ठरावीक समजुती तिच्यात शिरल्या आहेत. मोकळा झालेला जॉर्ज हॅरिस शेवटी आफ्रिकेत लायबेरियास जातो. अमेरिका हा आमचाही देश आहे असे म्हणणाऱ्या फ्रेडरिक डग्लस यांना पुस्तकाचे मोल ठाऊक होते, पण हा शेवट मान्य नव्हता. पुढे नाटकवाल्यांनी टॉमला लाचार, हुजऱ्या म्हातारा करून टाकले आणि त्याचे नाव शिवीसारखे वापरले जाऊ लागले. मूळ कथेतला टॉम तसा नाही. मालकाने दुसऱ्या गुलामाला फटके मारण्यास सांगितले असता तो नकार देतो, आणि पळून लपलेल्या दोन स्त्रियांचा ठावठिकाणा न सांगता मार खाऊन मरतो.

कीर्ती आली तरी घरावरील संकटे थांबली नाहीत. जुलै १८५७ मध्ये थोरला मुलगा हेन्री, वय एकोणीस, कॉलेजात असताना कनेक्टिकट नदीत पोहताना बुडाला. त्याने आपल्या विश्वासाची उघड कबुली दिलेली नव्हती. ज्या कठोर शिकवणीत हॅरिएटबाई वाढल्या तिच्याप्रमाणे अशा मुलाच्या तारणाची खात्री देता येत नव्हती. चार्लीच्या मरणापेक्षा हा घाव खोल होता, कारण यात देवाच्या प्रीतीविषयीच शंका उठत होती. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द मिनिस्टर्स वूइंग' या कादंबरीत त्यांनी हे दुःख मांडले. त्यात मुलगा समुद्रात बुडाल्याची बातमी ऐकून एक आई वेडीपिशी होते. मोठ्या विद्वान पाळकांच्या सिद्धांताने तिचे समाधान होत नाही. घरातली कृष्णवर्णीय मोलकरीण कँडेस तिला लहान मुलासारखी मांडीवर घेते आणि ख्रिस्ताच्या प्रीतीची आठवण देते. गुलाम आईच्या दुःखाची ओळख ज्यांना आपल्या बाळाच्या कबरेपाशी झाली, त्यांनी आपल्या कादंबरीतल्या दुःखी आईचे सांत्वन एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या तोंडून करविले.

१८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले. मुलगा फ्रेडरिक सैन्यात गेला आणि १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईत त्याच्या डोक्याला जखम झाली. पुढे दारूने त्याला घेरले. १८७१ साली तो सॅन फ्रान्सिस्कोस गेला आणि तेथून बेपत्ता झाला. १ जानेवारी १८६३ रोजी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाल्याची बातमी आली तेव्हा हॅरिएटबाई बॉस्टनच्या सभागृहात सज्जात बसल्या होत्या. लोकांनी त्यांच्या नावाचा घोष केला. त्या कठड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते. १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी साऱ्या देशात कायमची बंद झाली. युद्धानंतर त्या हिवाळ्यात फ्लॉरिडातील मँडरिन गावी राहत. तेथे त्यांच्या खटपटीने शाळा निघाली आणि रविवारी त्याच इमारतीत केल्व्हिन उपदेश करीत.

येथे आपल्या भाषेतील एका पुस्तकाची आठवण होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडविले त्यांना अर्पण केले. आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा, अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली. ओहायो नदीकाठी चाललेल्या झगड्याचे पडसाद पुण्यात असे उमटले होते.

१८८६ साली केल्व्हिन वारले. शेवटच्या वर्षांत हॅरिएटबाईंची स्मृती गेली. हार्टफर्ड येथे १ जुलै १८९६ रोजी, पंचाऐंशीव्या वर्षी, त्या प्रभूमध्ये निजल्या. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे पती आणि पुत्र हेन्री यांच्या शेजारी त्यांची कबर आहे.

संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. ही कथा सांगाल तेव्हा लिंकनच्या भेटीपासून आरंभ करू नका, चार्लीपासून करा. सॅम्युएल ग्रीन आणि हॅरिएट जेकब्स यांची नावे फळ्यावर लिहा. बाईंची चूक वगळू नका, कारण मुलांना निर्दोष माणसांच्या कथा ऐकून आपल्याकडून काही होणार नाही असे वाटू लागते. आणि वर्ग संपताना त्यांना एवढेच विचारा की, आपल्या गावात अशी कोणती आई आहे, जिचे रडणे आपल्या मंडळीच्या कानी अजून पडलेले नाही? उत्तर आले तर पुढच्या रविवारी त्या घरी जाऊन या, आणि तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐका.